आधी बोलली ती उजमा

दोह्याच्या बाजारात हमूर मासा घेताना आपल्याकडची बाई त्याचे कल्ले उघडून बघते, पोट दाबून बघते, डोळे चकाकतात का ते बघते. उजमाला गेली कित्येक वर्षं माणसं तशीच बघत आली होती. फरक एवढाच, की माशाला कळत नाही आणि उजमाला कळायचं.

महाडच्या एका घराण्यानं व्हिडिओ कॉलवर तिला चष्मा काढायला लावला. "आता जरा खिडकीकडे वळ, बेटा. हां. आता उभी राहा." ती उभी राहिली तेव्हा पलीकडून कुणीतरी हळूच म्हणालं, "बसलेली बरी दिसत होती." फोनचा आवाज बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. दुसऱ्या एका घरानं, तेही इथलं दोह्यातलंच, तिच्या हातची बिर्याणी परत परत मागून खाल्ली आणि सकाळी निरोप पाठवला की मुलाला सध्या लग्नच करायचं नाही. त्या मुलाचा साखरपुडा पुढच्याच महिन्यात झाला. आणखी एकांना सून नकोच होती, मुलाला कतारमध्ये नोकरी लावून देणारा सासरा हवा होता. दर वेळी उजमा ट्रे घेऊन बाहेर यायची, सलाम करायची आणि खाली बघत बसायची. खाली बघणं फार महत्त्वाचं. मुलीला तोंड असतं ते लोकांनी बघण्यासाठी, तिनं बोलण्यासाठी नव्हे, असा एकंदर समज.

ह्या सगळ्यात कुणालाही बेशरमपणा दिसला नाही. तो दिसला पुढे, जेव्हा उजमा एकच वाक्य स्वतःच्या तोंडानं बोलली तेव्हा.

उजमाचे वडील हमीद मूळचे म्हसळ्याचे. तरुणपणी दोह्याला आले, इंडस्ट्रियल एरियातल्या एका स्पेअर पार्ट्सच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून लागले, ते अजून तिथेच. बोलणं कमी. घरात भांडण पेटलं की ते उठून बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायचे, मग त्या कुंड्यांना सकाळीच पाणी घातलेलं असो. आई मैमुना त्यांच्या वाटणीचंही बोलायची. धाकटा भाऊ जैद इथल्या इंग्रजी शाळेत शिकून इंजिनिअर झालेला; आई कोकणीत ओरडायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. उजमाचा जन्मही दोह्यातलाच. दातांच्या डॉक्टरची असिस्टंट व्हायचा कोर्स करायला ती मुंबईला मामाकडे राहिली, तेवढीच काय ती घराबाहेर. आता पस्तिशीला टेकली होती आणि शहराच्या मध्यावरच्या मुशैरिब भागातल्या एका दवाखान्यात काम करत होती. खुर्चीत घाबरून बसलेल्या माणसाचा हात धरून "झालं हं, खलास, आता थुंका" असं ती म्हणाली की मोठमोठे मिशीवाले शांत व्हायचे.

आणि ती जपानी गाणी ऐकायची.

ह्याची सुरुवात अगदी साधी. तिच्या लहानपणी टीव्हीवर जपानी कार्टून अरबीत लागायची. इथे वाढलेल्या कितीतरी मुलांना त्यांची सुरुवातीची गाणी अजून पाठ आहेत. मोठेपणी तिनं मूळ जपानी गाणी शोधून काढली. आधी चालीसाठी ऐकली, मग शब्दांचा अर्थ लावत बसली, मग फोनवर धडे घेत घेत थोडीफार भाषाच शिकली. ऐकलेलं निम्मं समजायला लागलं तेव्हा तिला एक गोष्ट जाणवली आणि ती चकितच झाली. ह्या गाण्यांतल्या बायका वाट बघत बसत नव्हत्या. एक मुलगी सायकल ढकलत चढ चढते आणि चढ संपायच्या आत त्याला सांगायचं असं स्वतःला बजावते. एक ऑफिसातली बाई रोज त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये जाते आणि दर मजल्याला तिची छाती धडधडते. एक तर चांगली चाळिशी उलटलेली, गावातल्या दुकानात बसणारी. समोरच्या पोस्टमनला आज सांगणारच म्हणून ती केस विंचरते. सगळ्या घाबरलेल्या, आणि घाबरत घाबरत सगळ्या निघालेल्या.

तिकडे ह्याला शब्दच आहे म्हणे, कोकुहाकू. समोरच्या माणसासमोर नीट उभं राहायचं आणि मला तू आवडतोस असं स्पष्ट सांगायचं. हा शब्द कळला तेव्हा उजमानं आपल्या भाषेत त्याला काय म्हणतात ते आठवून बघितलं. कबुली, कबुलीजबाब. आपल्याकडे तो चोर देतात, पोलिसांपुढे.

घराजवळ मन्सूऱ्याला ती मेट्रोत चढायची तेव्हा कानात गाणं सुरू करायची, ते संपता संपता मुशैरिब यायचं. गाड्याही जपानहूनच आलेल्या. दोन स्टेशनांपुरतं का होईना, तिला वाटायचं, आपण त्या बायकांच्या गावात आहोत.

काशिफ तिच्या आयुष्यात आला तो त्याच्या आईच्या कवळीमुळे. त्याची आई रुकय्या श्रीवर्धनची. तिचे दात काढून कवळी बसवायची होती, आणि हे काम काही एका खेपेत होत नाही. माप घ्या, बसवून बघा, टोचतं म्हणून घासा, परत बोलवा. काशिफ हमद पोर्टवर एका शिपिंग कंपनीत कागदपत्रांचं काम बघायचा. दर खेपेला रजा टाकून आईला घेऊन यायचा. कधीकाळी त्याचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. त्याबद्दल तो वाईट काही बोलायचा नाही, आणि उजमाला त्याची ही गोष्ट सगळ्यात आधी आवडली. आई आत खुर्चीत असली की तो काउंटरपाशी उभा राहायचा. एकदा त्यानं विचारलं, "ता काय गुणगुणतेस?" तिनं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "मना पण ऐकव कवातरी." पुढच्या खेपेला त्यानं ते गाणं ऐकून आल्याचं सांगितलं, चुकीचे शब्द म्हणूनही दाखवले. रुकय्याखालांना तर उजमा म्हणजे जीव की प्राण. सुई टोचताना त्यांनी उजमाचा हात इतका घट्ट धरलेला असायचा की तिच्या मनगटावर वळ उठायचे. "काय गोड पोर हाय," त्या सगळ्यांना सांगायच्या. दवाखाना सुटायच्या वेळेला आल्या तर तिला गाडीतून घरापर्यंत सोडायच्या.

हिवाळा आला, कवळी बसली, आणि उजमाच्या लक्षात आलं की आता काशिफला यायचं काही कारण उरलेलं नाही.

तिनं वाट बघितली नाही. आईकडून मावशीला, मावशीकडून त्यांच्या कुणाला, असा निरोपही पाठवला नाही. तिला माहीत होतं, निरोप अशा वाटेनं गेला की तो परत येईपर्यंत त्यात आपलं काहीच उरत नाही. शेवटचं एकदा घासायला ठेवून घेतलेली कवळी काशिफ एकटाच न्यायला आला, तेव्हा ती त्याच्याबरोबर ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत गेली. असरची, दुपार कलतानाची अजान नुकतीच होऊन गेली होती. चौकात मुलं पळत होती, कॉफीवाल्याकडे रांग होती. सांगायचं ते वाक्य तिनं मनात जपानीत किती वेळा म्हटलं होतं. हिंदीत ते सिनेमातलं वाटायचं, इंग्रजीत ऑफिसच्या मेलसारखं. शेवटी ते घरच्याच बोलीत आलं.

"काशिफ, मना तू पसंत हायस. मना तुझ्याशी लगीन करायचा हाय. तुना काय वाटतं ता सांग."

ती खाली बघत नव्हती. काशिफचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, मग त्यावर हसू आलं. ते हसू खरं होतं, ह्याची शपथ उजमा आजही घेईल. "मना थोडा वेळ दे," तो म्हणाला. "घे," ती म्हणाली. ट्राम आली, तो गेला. उजमा परतताना इतकी हलकी झाली होती की दवाखान्याच्या काचेच्या दारावर आपटली.

वेळ त्यानं घेतलाच. आणि त्या वेळात सगळ्यात आधी जाऊन आईला सांगितलं. आईनं श्रीवर्धनला बहिणीला सांगितलं. बहिणीनं मुंबईला नणंदेला. समुद्र ओलांडून, खाड्या ओलांडून ती गोष्ट शुक्रवारी एका लग्नानंतरच्या वलीम्याच्या जेवणात दोह्याला परत आली, तेव्हा तिला शिंगं फुटली होती. हातात ताट घेऊन उभ्या असलेल्या मैमुनाला एका बाईनं गोड आवाजात विचारलं, "तुमच्या उजमानं म्हणे भर रस्त्यात पोराचा हात धरला?"

मैमुना घरी आली ती चप्पल न काढताच.

"तोंडानं बोललीस? रस्त्यावर उभी राहून?"

"मग काय पायानं बोलू, अम्मी?"

"लोक मना विचारतात, मी काय सांगू?"

"सांगा, हात नाय धरला. बाकी सगळं खरं हाय."

जैद खोलीतून बाहेर आला. "It's those anime songs," तो म्हणाला. "Now my friends are sending me jokes, Baji. Jokes!" मैमुनानं फर्मान काढलं, की ती गाणी फोनमधून आत्ताच्या आत्ता काढून टाक. हमीद बाल्कनीत गेले आणि कुंड्यांना पाणी घालू लागले.

उजमाच्या अंगाचा तिळपापड झाला. चष्मा काढायला लावला तेव्हा कुणाची अब्रू गेली नाही. उभी राहा, बस, वळ म्हणाले तेव्हा कुणी विनोद पाठवले नाहीत. आठवणीनं शिरखुर्मा वाढून, परक्या माणसांनी पोरीला नापसंत केल्यावर त्यांचे डबे धुऊन परत करणारं हे घर, आज त्याची मान खाली गेली! का, तर ह्या वेळी बघणारी ती होती म्हणून.

तिनं काशिफला फोन लावला.

"कुणाला सांगितलंस?"

"फक्त अम्मीला. ती पुढे बोलेल हे मना काय माहीत?"

"मी तुना विचारलं होतं, काशिफ. तुझ्या अम्मीला नाय. बरं, ता जाऊ दे. तुझं उत्तर काय?"

पलीकडे बंदरावरच्या ट्रेलरचा भोंगा वाजला. मग तो म्हणाला, "माझी ना नाय. पण अम्मीची समजूत घालतोय. जरा थांब ना."

"माझी ना नाय." दोन नकार जोडून केलेला होकार. उजमानं तोही पदरात घेतला, कारण तिला तो आवडत होता. राग राग आला तरी आवडणं काही त्याच दिवशी संपत नाही.

समजूत पटायला काही आठवडे लागले. मग एका संध्याकाळी रुकय्याखाला, काशिफ आणि काशिफचे मामू असे तिघं मन्सूऱ्याच्या घरी आले. मिठाईचा खोका होता, अत्तराचा वास होता. खालांची नवी कवळी झकास बसली होती. उजमा ट्रे घेऊन आली नाही. नुसतीच आली आणि आईशेजारी बसली. हे मामूंच्या लक्षात आलं.

गळाभेटी झाल्या, हवापाण्याचं झालं. मग खालांनी विषय काढला. "झालं गेलं विसरून जायचं. पोरगी चांगली हाय, मना पहिल्यापासून पसंत हाय. मी काय बोलते, हमीदभाय, लोकांची तोंडं बंद करायची तर एकच वाट. आपण असं सांगायचं की पैगाम आमच्याकडून आला. काशिफनं दवाखान्यात बघितली, घरी सांगितलं, मग आम्ही मागणी घातली. ती रस्त्यावरची गोष्ट कुणीतरी उठवली. उजमाला कुणी विचारलं तर तिनंही हेच सांगायचं. पोरीची इज्जत राहील, आमचीही."

खोलीतली हवाच सैल झाली. हमीदनी मोठा सुस्कारा सोडला. जैदनं मान डोलावली, "That's fair, honestly." मैमुनाचे डोळे भरून आले, तिच्या डोक्यावरून केवढं ओझं उतरत होतं. सगळ्यांना सगळं मिळत होतं. उजमालाही. ज्या माणसाला तिनं मागितलं तो माणूस मिठाईच्या खोक्यासकट समोर बसला होता.

उजमानं त्याच्याकडे बघितलं.

"काशिफ, आधी कोण बोललं?"

काशिफ गालिच्याकडे बघत होता. खाली बघणं किती लोकांना जमतं, हे उजमाला तेव्हा कळलं. "काय फरक पडतो, उजमा?" तो पुटपुटला. "आता होतंय ना."

"मना पडतो."

"बेटा, मोठ्यांसमोर..." मामू म्हणाले.

"मामू, मोठ्यांसमोर मी आजवर गप्पच बसले. ज्यांनी ज्यांनी येऊन मना बघितलं, त्यांनी काय काय विचारलं, मी खाली बघून ऐकलं. ह्या सगळ्या वर्षांत एकच गोष्ट मी माझ्या मनानं केली. ती चोरी नव्हती. आता तुम्ही बोलता, ती झालीच नाय असं सांग. लग्नानंतर रोज सांग, पोरांना सांग, की तुमच्या अब्बानं मना निवडलं. आणि हा," तिनं काशिफकडे बोट केलं, "हा समोर बसून ऐकतो. ट्रामपाशी हसला होता. तो हसला होता, एवढं तरी त्यानं बोलावं."

काशिफनं मान वर केली. त्याचे ओठ हलले. पण आईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ते मिटले.

"मग नको," उजमा म्हणाली. "माझी ना हाय. एकच ना. स्पष्ट."

रुकय्याखाला ताडकन उभ्या राहिल्या. "बघा! तोंड बघा पोरीचं! अगो, घराघरातून नाकारलेली तू, तुना आम्ही झाकून घेत होतो. झाकून! त्याचे हे उपकार?"

आता ह्यानंतर जे झालं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. मैमुना उठली. त्या प्रत्येक बघण्याच्या वेळी उजमाच्या शेजारी तीच तर बसलेली होती. "बसलेली बरी दिसत होती" हे तिनंही ऐकलं होतं, आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून ती रडली होती. एवढे दिवस तिचा राग चुकीच्या दारावर धडका देत होता. "झाकून" ह्या शब्दानं त्याला बरोबर दार दाखवलं.

"झाकायला माझी पोर काय उघडं गटार हाय, रुकय्या?" ती म्हणाली. "तुझ्या तोंडातनं रक्त येत होतं तवा हिचा हात धरून बसलीस, तवा नाय झाकावा लागला तिचा हात? आणि शरमेचं मना नको शिकवू. पैगंबरांना बीबी खदीजांनी स्वतः लग्नाचा पैगाम पाठवला होता."

खाला गडबडल्या, पण हरल्या नाहीत. "त्यांनी मधल्या बाईच्या हातून पाठवला होता!"

"माझी पोर स्वतः गेली. मधल्या बाईचे पाय वाचवले. तुझ्यासारखी मधली बाई असती तर पैगाम पोचेपर्यंत अर्ध्या कोकणात वाटला असता!"

मामूंनी खोका उचलला, मग तो परत न्यावा की ठेवावा हे न कळून तसाच हातात धरून उभे राहिले. हमीद बाल्कनीकडे गेले नाहीत. ते दाराशी गेले, दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले, पाहुणे जिना उतरेपर्यंत. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी केलेलं हे सगळ्यात मोठं भाषण.

पुढे काशिफचे बरेच मेसेज आले. मी घाबरलो, माझं चुकलं, तुला सगळं माहीत आहे. उजमा ते वाचायची आणि तिला रडू यायचं, हेही खरंच सांगायला हवं. पण तिनं त्याला एकच कळवलं: जे मला लिहितोस ते तुझ्या घरी मोठ्यानं म्हण, मग ये. तो आला नाही. त्याचं लग्न उन्हाळ्यात गावाकडे झालं, रीतसर, दोन्हीकडच्या बायकांनी ठरवून. लोक म्हणाले, बघा, हातचा गेला. लोकांना हात नेहमी मुलीचाच रिकामा दिसतो.

कुजबुज अजूनही होते. ईदच्या जेवणात परवा एका बाईनं उजमाला बाजूला घेतलं आणि डोळे बारीक करून विचारलं, "खरंच का गं, तूच आधी बोललीस?" उजमानं चिकनचा तुकडा खाली ठेवला आणि शेजारच्या टेबलालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हो. मीच बोलले." जैद शेजारी होता. तो लाजला, पण उठून गेला नाही. थोड्या वेळानं त्यानं त्या बाईंना, चक्क मराठीत, आणखी रायता हवा का असं विचारलं.

मैमुना मात्र पूर्ण बदलली असं म्हणता येणार नाही. मुलं सुचवणं तिनं सोडलेलं नाही. आता ती आधी स्वतः फोन करते आणि पलीकडच्यांना सांगते, "माझी पोर प्रश्न विचारते. चालत असेल तर बोला." पुष्कळांना चालत नाही. मग ती फोन आपटते आणि दिवसभर त्या घराण्याचा उद्धार करत राहते.

गेल्या सुट्टीच्या दिवशी ती ओट्यापाशी कोलंबी सोलत बसली होती आणि उजमा फोनवर गाणं लावून कांदा कापत होती. मैमुना बराच वेळ ऐकत राहिली.

"ही बया काय रडते काय?"

"रडत नाय, अम्मी. ती एकाला सांगायला चालली हाय. पाऊल पुढे पडत नाय, तरी चालते. आता त्याच्या समोर पोचली. आता बोलली."

गाणं संपलं. मैमुनाच्या हातातली कोलंबी तशीच राहिली.

"मग तो काय बोलतो?"

"तो गाण्यात बोलतच नाय. गाणं तिच्या बोलण्यापर्यंतच हाय."

"मेला!" मैमुना कडाडली आणि कोलंबीचं डोकं खटकन तोडलं. "तिकडे पण तसलेच!"

उजमा हसायला लागली. हसता हसता तिला कांदा झोंबला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी ती हसतच राहिली. मैमुना अजिबात हसत नव्हती. तिला त्या जपानी पोराचा मनापासून राग आला होता, आणि पुढचं गाणं लाव, असं ती रागारागानंच म्हणाली.